काळजी करणे आणि काळजी घेणे

प्रयोगशाळेतून आलेल्या तपासणीच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द दिसला की मनात धस्स होते आणि ‘निगेटिव्ह’ दिसला की माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडताच मात्र या दोन शब्दांचे अर्थ उलटे होतात. भेटीस येणारे आप्त, सकाळी मोबाइलवर येणारे सुविचार, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटणारे स्नेही, या सर्वांचा एकच उपदेश असतो : पॉझिटिव्ह राहा, निगेटिव्ह काही मनात आणू नका. माझ्या यजमानांना कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा विकार जडल्याला आता सहा वर्षे झाली. त्यांचे वय ७७, माझे ७१. या सहा वर्षांत हा उपदेश आम्ही उभयतांनी इतक्यांदा ऐकला आहे की त्याविषयी चार शब्द लिहावेत, असे फार दिवस मनात होते.

उपदेश करणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी मला तिळमात्र शंका नाही. आशा हवीच, तिच्यावाचून कोणतेही दीर्घ आजारपण निभावत नाही. परंतु भीती, राग, दुःख, खंत या भावनांना रोगजंतू समजून घरात शिरूच द्यायचे नाही, असा जो नियम हल्ली अनेक घरांतून दिसतो, त्याने आजारी माणसाचे आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याचेही नुकसान होते, असे मला अनुभवान्ती वाटू लागले आहे. अशा नियमाने भावना नाहीशी होत नाही. ती बोलून दाखवणे तेवढे बंद होते, आणि त्याबरोबर तिच्या पोटात असलेली माहितीही आपल्याला मिळेनाशी होते.

भाषेचे शहाणपण

‘नकारात्मक भावना’ हा शब्दप्रयोग माझ्या आईच्या किंवा आजीच्या बोलण्यात कधी आला नाही. त्यांच्यापाशी हुरहूर होती, रुखरुख होती, धास्ती, चीड, हळहळ आणि उद्वेग होता. प्रत्येक शब्दाचा पोत वेगळा होता आणि त्यावरचा उपायही वेगळा असे. लेकीची हुरहूर लागलेल्या शेजारणीला आजी पत्र टाकायला सांगे. रुखरुख लागलेल्याला राहून गेलेले काम आधी उरकायला सांगे. आज आपण या सगळ्या भावना एकाच ‘निगेटिव्ह’ नावाच्या पोत्यात भरतो आणि ते पोते दाराबाहेर कसे टाकावे याचा विचार करीत बसतो.

यातही ‘काळजी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मराठी माणूस काळजी करतो आणि काळजी घेतोही. करतो तेव्हा त्याचे मन ग्रासलेले असते, घेतो तेव्हा त्याचे हात कामाला लागलेले असतात. नाम एकच, क्रियापद तेवढे बदलते. पहिलीवाचून दुसरी सुचत नाही, हे आपल्या भाषेने केव्हाच ओळखले आहे.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीही या भावनांना अस्पृश्य मानले नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायिभाव सांगितले आहेत : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. त्यांपैकी शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा हे चार आज कोणीही ‘निगेटिव्ह’ म्हणून बाजूस सारील. म्हणजे नेमके निम्मे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे तर नावच ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. अर्जुनाने आपला विषाद बोलून दाखवला नसता, तर पुढचे सतरा अध्याय सांगण्याचा प्रसंगच आला नसता.

भीती नेमकी कशाची?

भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे अधिक रक्त धावते आणि माणूस सावध होतो. संकट टळले की हे सारे हळूहळू पूर्ववत होते. ही योजना थोड्या वेळासाठी केलेली आहे. तीच महिनोन्महिने चालू राहिली, तर झोप, पचन आणि रक्तदाब यांवर तिचा दुष्परिणाम होऊ लागतो. म्हणून भीतीने आपले सांगणे सांगावे आणि आपण ते ऐकून तिला मोकळे करावे, हे उत्तम. परंतु त्यासाठी आधी ऐकावे तर लागते!

आमचे घर दादरला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही. लाकडी जिना आहे आणि मध्ये एक वळण आहे. दोन वर्षांपूर्वी यजमानांनी खाली उतरणे हळूहळू टाळायला सुरुवात केली. विचारले की म्हणत, ‘आज कंटाळा आलाय.’ भाचा भेटीला आला की त्यांना धीर देई : ‘मामा, घाबरायचं काय त्यात? मनाने ठरवलं की सगळं जमतं.’ तेही हसून मान डोलवीत आणि विषय तिथेच संपे.

एका संध्याकाळी दिवे लागल्यावर ते आपणहून म्हणाले, ‘मला जिन्याची भीती वाटते.’

मी विचारले, ‘जिन्यात नेमकी कुठे?’

थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, ‘उतरताना नाही गं. वळणावर. तिथे अंग वळतं, पण पाय वळत नाहीत. जमिनीला चिकटल्यासारखे होतात.’

पुढच्या तपासणीच्या वेळी हे वाक्य मी डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. कंपवातात चालता चालता पाऊल अचानक जागच्या जागी थिजते आणि वळताना किंवा दाराच्या चौकटीतून जाताना हे विशेषकरून घडते, असे त्यांनी समजावून सांगितले. औषधांच्या वेळा तपासल्या. फिजिओथेरपिस्ट बाईंनी यजमानांना एका पायावर गर्रकन न वळता मोठी कमान घेऊन, पावले मोजत वळायला शिकवले. घरात स्वयंपाकघराच्या दारापाशी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावले. पट्टा ओलांडायचा म्हटले की थिजलेले पाऊल उचलले जाते. शेजाऱ्यांशी बोलून जिन्याच्या वळणावर भिंतीच्या बाजूनेही एक दांडा बसवून घेतला. आता ते दिवसाउजेडी, कोणाच्या तरी सोबतीने, रोज एकदा खाली उतरतात. त्यांची भीती गेली आहे असे मी म्हणणार नाही. पूर्वी ती साऱ्या जिन्यावर पसरली होती, आता त्या एका वळणापुरती उरली आहे, आणि तिथे ती असलेलीच बरी.

पडण्याची भीती वृद्धांच्या घरोघरी असते. ती योग्य प्रमाणात असेल तर न्हाणीघरात आधाराचा दांडा बसतो, सरकणारी पायपुसणी उचलली जातात, रात्री शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा राहतो. तीच भीती अनावर झाली तर माणूस चालणेच सोडतो, पायांतली शक्ती जाते, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. भीतीचे हे दोन्ही चेहरे या शहराने फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा धास्तावलेल्या लोकांनी आपले रुग्ण लपवले आणि लाखो लोक शहर सोडून गेले. त्याच रोगाच्या धास्तीने संशोधनालाही वेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. परळला तपासणीसाठी जाताना मला पुष्कळदा वाटते, की लस टोचून घेण्यासाठी जी माणसे त्या काळी रांगेत उभी राहिली असतील, त्यांनाही तिथवर भीतीनेच आणले असेल.

राग काय सांगतो?

संस्कृतात ‘राग’ म्हणजे आसक्ती, ओढ; ‘अनुराग’ या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. मराठीत मात्र राग म्हणजे क्रोध. अर्थाच्या या प्रवासात मला एक तथ्य दिसते. ज्याच्याशी आपला काही संबंधच नाही, त्याचा आपल्याला सहसा राग येत नाही. राग आला की समजावे, आपल्याला जपावेसे वाटणारे काहीतरी दुखावले गेले आहे किंवा कोणती तरी मर्यादा ओलांडली गेली आहे.

माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. माझी आई अतिशय मितभाषी होती. तिचा चढलेला आवाज मी ऐकल्याचे मला स्मरत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास धान्य, तेल, रॉकेल सारेच महागले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मुंबईच्या गृहिणी हातांत लाटणी घेऊन, थाळ्या वाजवीत रस्त्यावर उतरल्या. आमच्या चाळीतल्या चार बायकांबरोबर आईही एका मोर्चाला गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि डोळ्यांत मी पूर्वी कधी न पाहिलेले तेज होते. रात्री तिने त्याच लाटण्याने पोळ्या लाटल्या. तिच्या रागाने कोणावर हात उगारला नाही की घरात भांडे आपटले नाही. दुकानदाराचे वजन आणि रेशनचे तेल यांविषयी त्याला जे म्हणायचे होते, ते त्याने योग्य ठिकाणी जाऊन म्हटले.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या रागाविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. सेवा म्हणजे पुण्य, आणि पुण्य करताना राग कसला यायचा? प्रत्यक्षात तो येतो. रात्री तीनदा उठावे लागते. पहिल्या दोन हाकांना मी सहज उठते. तिसऱ्या हाकेला मनात चीड उसळते. ती यजमानांवर नसते. मी थकले आहे, एवढेच ती सांगत असते. ही गोष्ट मी मुलाला आणि सुनेला तक्रारीच्या सुरात न सांगता हिशेबासारखी सांगितली : आठवड्यातल्या सात रात्री एकटीला झेपत नाहीत. तेव्हापासून बुधवारी आणि शनिवारी रात्री मुलगा बाबांपाशी झोपतो आणि मी आतल्या खोलीत दार लोटून सहा-सात तास सलग झोप घेते. गुरुवारची आणि रविवारची सकाळ आमच्या घरात सर्वांनाच प्रसन्न वाटते.

रुग्णालाही राग येतो. शर्टाची बटणे लावायला मी पुढे झाले की यजमान माझा हात बाजूला सारीत. त्यांच्या या चिडण्यातही एक मागणी होती : जे मला करता येते, ते मला करू दे. आता बाहेर जाण्यापूर्वी आम्ही पंधरा मिनिटे आधी तयारीला लागतो. वरची दोन बटणे तेवढी मी लावते, तीही त्यांनी सांगितल्यावर.

दुःखाला दिवस हवेत

माझे सासर लालबागचे. यजमानांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दादा त्यांपैकी एक. त्यांची नोकरी परत मिळाली नाही. त्यांनी कोणाकडे हात पसरला नाही, व्यसनही जवळ केले नाही. ते फक्त गप्प झाले. भेटणारे म्हणत, ‘झालं ते झालं, विसरा आता, पुढचं बघा.’

चाळीत कोणी गेले तर त्या घरी चूल पेटत नसे. शेजारची घरे पिठलेभात घेऊन जात. माणसे येऊन बसत, बाया मोकळेपणाने रडत, गेलेल्याच्या गोष्टी निघत. आपल्या समाजाने मृत्यूच्या शोकासाठी तेरा दिवस राखून ठेवले आहेत. परंतु नोकरी गेली, दृष्टी गेली, चालणे गेले, जोडीदाराची स्मरणशक्ती गेली, तर त्या शोकाला दिवस नाहीत. वार्धक्यातली कितीतरी दुःखे अशी असतात.

दादांच्या बाबतीत त्यांच्या पत्नीने, माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, हे दिवस निर्माण केले. त्या काही शिकलेल्या नव्हत्या. संध्याकाळी कांदे चिरता चिरता त्या सहज विचारीत, ‘तुमच्या साच्यावर सूत तुटलं की काय करायचे हो?’ हळूहळू दादा बोलू लागले. खात्यातला आवाज, पाळी सुटल्यावरचा चहा, सोबत्यांच्या थट्टा असे सगळे निघाले. बोलता बोलता एकदा ते ढसाढसा रडले आणि म्हणाले, ‘पगाराचं काय, कसंही भागेल. माणसं तुटली गं.’ गमावलेली खरी वस्तू कोणती, हे त्यांच्या दुःखाने असे सांगितले. त्यानंतर दादा जुन्या पाळीतल्या सोबत्यांना शोधून काढू लागले. पाच-सहा जण रोज संध्याकाळी नाक्यावर जमत आणि तासभर बसत. गिरणी परत आली नाही, माणसे आली.

किती झाले म्हणजे फार?

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग दुःख कवटाळून बसावे काय? मुळीच नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी उपचारपद्धती विकसित केली आणि जी मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते, तिने या प्रश्नाचे फार उपयुक्त उत्तर दिले आहे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी ही पद्धती आपल्याकडे रुजवली. एलिस सर्व अप्रिय भावनांना एका रांगेत बसवीत नाहीत. त्यांच्या मते काही अप्रिय भावना निरोगी असतात आणि काही रोगट. काळजी निरोगी, पण सतत पोखरणारी चिंता रोगट. दुःख निरोगी, विषण्णतेत बुडून जाणे रोगट. नाराजी निरोगी, बेभान संताप रोगट. पश्चात्ताप निरोगी, स्वतःला कायमचे अपराधी ठरवणे रोगट. पहिल्या प्रकारची भावना बोचते, पण माणसाला हालचाल करायला लावते. दुसऱ्या प्रकारची भावना त्याला जागीच खिळवून ठेवते किंवा भलतीकडे नेते.

ही सीमारेषा घरातल्या माणसांनी ओळखायला हवी. उदासी रोजच्या रोज, दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, आवडत्या गोष्टींत रस उरला नाही, जेवण किंवा झोप तुटली, ‘माझा आता कोणाला उपयोग नाही’ अशी भाषा सुरू झाली, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. वृद्धांमध्ये नैराश्य अनेकदा अंगदुखीच्या, विसराळूपणाच्या किंवा चिडचिडीच्या रूपाने येते. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि काही औषधे यांमुळेही मन खचू शकते, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली, तर तिच्याकडे क्षणभरही दुर्लक्ष करू नये, त्या माणसाला एकटे सोडू नये. सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. शुश्रूषा करणाऱ्याचा राग हातात किंवा जिभेवर उतरू लागला, तर रुग्णाला सुरक्षित बसवून पाच मिनिटे गॅलरीत जाऊन उभे राहावे, आणि असे वारंवार होत असेल तर बाहेरची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

माझ्यासारख्या घरोघरच्या शुश्रूषा करणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. आजोबा ‘मला भीती वाटते’ म्हणाले, तर ‘घाबरू नका’ हे वाक्य थोडा वेळ मागे ठेवावे आणि ‘कशाची? कुठे? केव्हापासून?’ असे विचारावे. आजी रडू लागल्या, तर लगेच दूरदर्शन संच लावून मन रमवू नये. शेजारी बसावे आणि कोणाची आठवण आली ते विचारावे. मिळालेले उत्तर जमल्यास एका वहीत, त्यांच्याच शब्दांत, लिहून ठेवावे. पुढच्या तपासणीला जाताना ती वही औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर पिशवीत घालावी. आमच्या वहीत गेल्या आठवड्याची नोंद आहे : ‘रात्री कूस बदलता येत नाही, तेव्हा एकटं वाटतं.’ येत्या मंगळवारी ती डॉक्टरांना वाचून दाखवायची आहे.